चाकांवरचं बिऱ्हाड वाळवंटात : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आर.व्ही. म्हणजे कॅम्पर व्हॅनच्या सहलींबद्दल प्रश्न मागवले होते. आलेली बरीच पत्रं अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी पट्ट्याबद्दलची आहेत : नेवाडा, युटा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाची पूर्वेकडची कड. म्हणून हा अंक त्याच भागापुरता. रस्त्यावरच्या पाट्या मैलांत असतात, त्यामुळे अंतरं मैलांतच दिली आहेत. गॅलन म्हणजे ३.८ लिटर.

प्रश्न : मार्चअखेरच्या सुट्टीत आम्ही आठ दिवस लास व्हेगसहून आर.व्ही. घेऊन निघणार आहोत. आम्ही दोघं, मुलं (वय ३ आणि ७) आणि पुण्याहून आलेले आई-बाबा, असे सहा जण. सहा जणांसाठी ३० फुटी गाडीच घ्या, असं सगळे म्हणतात. बरोबर आहे का? डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि जमलं तर सेडोना असा बेत आहे. (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : ३० फुटी घेऊ नका. २५ फुटी ‘क्लास सी’ घ्या. ही ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी असते आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो. सहा माणसं तिच्यात मावतात, मात्र सामान मऊ पिशव्यांत आणायचं. कडक सुटकेसी ठेवायला जागाच नसते.

‘सहा जण झोपू शकतात’ या जाहिरातीतल्या वाक्याकडे दुर्लक्ष करून आधी सीटबेल्ट मोजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कोणत्या दिशेच्या सीटवर आहेत ते विचारा. मुलांची कार-सीट पुढे तोंड असलेल्या सीटवरच लावता येते. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर नाही. जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकांना बहुधा फक्त कमरेचा पट्टा असतो. तीन वर्षांच्या मुलाची पाच पट्ट्यांची सीट त्यावर बांधता येते, पण सीटचा वरचा पट्टा अडकवायची कडी तिथे अनेकदा नसते. सात वर्षांच्या मुलाच्या बूस्टरला (मुलाला उंच बसवणाऱ्या सीटला) मात्र खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच, आणि तो बाकांवर क्वचितच असतो. अशा वेळी मोठ्यालाही पाच पट्ट्यांची सीट घ्या. फक्त तिची वजनमर्यादा तपासा. गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा सीट बरोबर न्या आणि तिथेच बसवून बघा. गाडी चालू असताना मागे कुणी पलंगावर लोळणार नाही, हे आजोबांनाही आधीच सांगून ठेवा.

झोपण्याची वाटणी अशी : मागचा कायमचा पलंग आई-बाबांना, ड्रायव्हरवरचा तुम्हाला आणि टेबल खाली करून होणारा मुलांना. वरच्या पलंगाची शिडी रात्री उतरणं म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपत नाही आणि लहान मुलाला तिथे ठेवणं धोक्याचं.

लांबीचा दुसरा हिशेब रस्त्यांचा. डेथ व्हॅलीतल्या आर्टिस्ट्स ड्राइव्हवर २५ फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदी आहे. झायनमधून पूर्वेला निघणाऱ्या १.१ मैलांच्या जुन्या बोगद्यात ११ फूट ४ इंच उंची किंवा आरशांसकट ७ फूट १० इंच रुंदी गाठणाऱ्या गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवावी लागे. २०२६ च्या मध्यापासून अशा मोठ्या गाड्यांना तो रस्ताच बंद करायचं उद्यानाने जाहीर केलं आहे. कोणतीही क्लास सी या मापात बसत नाही, त्यामुळे बोगदा तुमच्या नकाशातून काढूनच टाका. झायनहून हरिकेन गावाकडे मागे या, तिथून युटा ५९ आणि ॲरिझोना ३८९ ने फ्रेडोनिया, मग कॅनब आणि पेज. फेरा पडतो, पण रस्ता रुंद आणि मोकळा आहे. बोगद्यातून जायचंच असेल तर आरशांसकट या मापात बसणारी अरुंद व्हॅन घ्यावी लागेल, आणि तीत सहा जण बसत नाहीत.

आता बेताबद्दल. सहातली तीन नावं कापा : डेथ व्हॅली, ब्राइस आणि सेडोना. पहिला दिवस गाडी ताब्यात घेण्यात, शिकण्यात आणि वाणसामान भरण्यात जातो. शेवटच्या दिवशी सकाळीच गाडी परत द्यायची असते, तीही टाक्या रिकाम्या करून. उरले सहा. क्लास सी ताशी ६० मैलांच्या वर चालवू नका. चढ, थांबे आणि पेट्रोल धरून सरासरी ताशी ४५ पडते. दिवसाला २०० मैल ही मर्यादा ठेवा, कारण मुक्कामी पोचल्यावर गाडी समपातळीत आणणं, वीज-पाणी जोडणं यात पाऊण तास जातो आणि अंधारात ते काम फार कटकटीचं होतं. लास व्हेगस ते झायन सुमारे १६० मैल, पेज ते मॉन्युमेंट व्हॅली सुमारे १२५, तिथून कॅमेरॉनमार्गे ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे १८०, आणि परत लास व्हेगस सुमारे २८०. हा शेवटचा टप्पा किंगमनला तोडा. पहिली रात्र लास व्हेगसला, मग झायनला दोन, पेजला एक, मॉन्युमेंट व्हॅलीला एक, ग्रँड कॅन्यनला एक आणि किंगमनला एक. डेथ व्हॅलीसाठी पुढच्या हिवाळ्यात वेगळे चार दिवस काढा. तिला ते शोभतं. ब्राइस आठ हजार फुटांवर आहे, तिथे मार्चअखेर बर्फ असतं.

मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा फेरा कच्चा आहे. आर.व्ही. तिथे नेता येत नाही आणि भाडेकरारातही कच्च्या रस्त्याला मनाई असतेच. गाडी वर लावून नावाहो वाटाड्याच्या जीपमधून जा. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटेलोप कॅन्यन ही नावाहो राष्ट्राची जागा असल्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही. नावाहोंच्या हद्दीत दारू बाळगायलाही बंदी आहे.

प्रश्न : गाडीतल्या संडासाबद्दल कुणी नीट सांगत नाही. आमच्याकडे सगळे पाणी वापरणारे. टाकी लगेच भरेल का? तुंबली तर काय करायचं? (प्लेनो, टेक्सस)

उत्तर : कुणी सांगत नाही म्हणूनच सविस्तर लिहितो.

गाडीत तीन टाक्या असतात : ताज्या पाण्याची, मोरी आणि न्हाणीच्या सांडपाण्याची (तिला ग्रे म्हणतात) आणि मैल्याची (ब्लॅक). २५ फुटी गाडीत ताजं पाणी ४० गॅलनच्या आसपास, बाकीच्या दोन प्रत्येकी ३० च्या आसपास. नेमके आकडे गाडीप्रमाणे बदलतात; ताबा घेताना विचारून लिहून ठेवा.

हिशेब करून बघा. फ्लशला एका वेळी साधारण २ लिटर पाणी लागतं. सहा माणसं, प्रत्येकी चार खेपा, म्हणजे दिवसाला ४८ लिटर. ३० गॅलन म्हणजे ११३ लिटर. टाकी दोन दिवसांत भरते. तांब्याने दर वेळी पाव लिटर पाणी घेतलं तर त्यात दिवसाला फार तर ६ लिटरची भर. तेव्हा पाणी वापरण्याची भीती नको. उलट तुंबण्याचं खरं कारण पाणी कमी आणि कागद जास्त हेच असतं. वाळवंटात तर ते जास्तच, कारण कोरड्या हवेत टाकीतला ओलावा भराभर उडतो. लांब नळीची छोटी प्लास्टिकची बाटली ठेवा, साधा तांब्या गाडीच्या हिंदकळण्याने पडतो. ओले वाइप्स मात्र कधीही टाकायचे नाहीत, पाकिटावर ‘फ्लशेबल’ लिहिलेलं असलं तरी.

सगळ्यात महागात पडणारी चूक अशी : ज्या तळावर सांडपाण्याची जोडणी मिळते तिथे लोक मैल्याच्या टाकीचा खटका उघडाच ठेवतात, आपोआप वाहून जाईल म्हणून. द्रव वाहून जातो, घट्ट भाग टाकीत राहतो आणि संडासाच्या नळाखाली त्याचा ढीग चढत जातो. दोन दिवसांत तो सुकला की कोणत्याही रसायनाला दाद देत नाही. खटका बंदच ठेवा. टाकी निदान दोन-तृतीयांश भरली की एका दमात सोडा, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं जातं.

रिकामी करण्याचा क्रम : इंजिन बंद, हातात रबरी हातमोजे. जाड नळीचं एक टोक गाडीला बसवून पिळा आणि ओढून बघा. कड्या नीट अडकल्या नसतील तर पुढचं वर्णन न केलेलं बरं. दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, वर दगड किंवा वजन. आधी मैल्याचा खटका उघडा. आवाज थांबला की बंद करा. मग ग्रेचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. शेवटी संडासातून मैल्याच्या टाकीत ८-१० लिटर स्वच्छ पाणी आणि पाकिटावर लिहिल्याएवढं रसायन ओता. ही शेवटची पायरी विसरलात तर पुढचा मैला कोरड्या टाकीच्या तळाला चिकटतो.

तिथे दोन नळ असतात. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असलेला नळ धुण्यासाठी. ताजं पाणी वेगळ्या नळावरून, आणि त्यासाठीची पांढरी नळी वेगळ्या कप्प्यात ठेवायची. मैल्याच्या नळीबरोबर कधीच नाही. काही तळांवर पाण्याचा दाब इतका असतो की गाडीतले सांधे सुटतात. ४०-५० पीएसआयचा पितळी रेग्युलेटर नळाला लावून मगच नळी जोडा.

भिंतीवरचा टाकी किती भरली ते दाखवणारा दिवा भरवशाचा नाही. आतल्या खुणेला कागद चिकटला की तो कायम ‘पूर्ण’ दाखवतो. संडासाची झडप उघडून टॉर्चने आत बघणं हाच खरा मापक.

ग्रे टाकीचं म्हणाल तर ती आधी भरते. कारण आपली भांडी. तेलकट कढई आणि पातेली आधी कागदाने पुसून घ्या, मग धुवा. भाताची शितं जाळीत अडकवा. टाकीत गेली की उन्हात आंबतात आणि वास मोरीतून वर येतो. आंघोळ ओलं होणं, नळ बंद, साबण, पुन्हा नळ अशी केली तर १० लिटरमध्ये भागते. गरम पाण्याची टाकी जेमतेम ६ गॅलनची असते, त्यामुळे तिसऱ्याला गारच मिळतं. तळावर न्हाणीघर असेल तर तेच वापरा. आणि ‘साबणाचंच तर पाणी आहे’ म्हणून ग्रेचं पाणी जमिनीवर सोडू नका, राष्ट्रीय उद्यानांत तो गुन्हा आहे.

पिण्याचं पाणी टाकीतलं धरू नका. माणशी दिवसाला निदान ४ लिटर, तेही दुकानातल्या मोठ्या कॅनमधून, आणि एक दिवसाचा साठा कायम न मोडता ठेवायचा. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही. तहान लागेपर्यंत थांबू नका आणि नुसतं पाणीही ढोसू नका. मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस अधूनमधून.

प्रश्न : तळावर तीस ॲम्पिअरची वीज मिळते म्हणतात. आम्ही इंडक्शन आणि इलेक्ट्रिक कुकर नेला तर एसी चालेल ना? फोडणीने धुराचा भोंगा वाजतो हे खरं का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ३० ॲम्पिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॅट, इतकंच सगळ्या गाडीसाठी. छतावरचा एसी त्यातले १३ ते १६ ॲम्पिअर घेतो, बॅटरीचा चार्जर आणि फ्रिज मिळून आणखी सात-आठ. उरतात सहा-सात. इंडक्शनला १५, किटलीला साडेबारा, मायक्रोवेव्हला बारा-तेरा लागतात. म्हणजे एसी चालू असताना यातलं काहीच लावायचं नाही. चहा करायचा तर दहा मिनिटं एसी बंद. इलेक्ट्रिक कुकर सुमारे १००० वॅटचा असतो, तोही एसीबरोबर नको. पाणी गरम करायचं बटण विजेवर असेल तर ते गॅसवर करा, नाहीतर ते मध्येच आपोआप लागून खटका पाडतं.

संध्याकाळी सगळा तळ एसी लावतो तेव्हा जुन्या ठिकाणी व्होल्टेज घसरतं. ते १०८ च्या खाली गेलं तर एसीचा कॉम्प्रेसर जळू शकतो. साध्या प्लगमध्ये बसणारा व्होल्टमीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. खांबावर ५० ॲम्पिअरचं सॉकेट रिकामं असेल तर तिथे जोडायचा अडॅप्टर वापरा. गाडी ३० च घेते, पण त्या सॉकेटला सहसा व्होल्टेज बरं मिळतं.

एसीकडून अपेक्षाही बेताची ठेवा. आत ओढलेली हवा तो साधारण ११ अंशांनी गार करून सोडतो. दुपारी तापलेली गाडी तो लगेच थंड करू शकत नाही, म्हणून सकाळी दहालाच लावा, समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा आणि गाडी अशी उभी करा की फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्यांची बाजू दुपारी सावलीत राहील. गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला आठ ते बारा तास घेतो आणि गाडी तिरकी उभी असेल तर नीट चालतच नाही. पेट्रोल भरताना मात्र त्याचा गॅस बंद करायचा, कारण आत ज्योत असते.

फोडणीबद्दल ऐकलंत ते खरं आहे. चुलीपासून चार हातांवर भोंगा असतो. मोहरी तडतडायच्या आधी छताचा पंखा बाहेर फेकणाऱ्या दिशेला लावा आणि एक खिडकी उघडा. भोंग्याची बॅटरी काढून ठेवायची सवय काही घरांत असते, ती इथे जिवावर बेतेल. तोच भोंगा आणि जमिनीलगतचा गॅसचा भोंगा झोपेत तुमच्यासाठी जागा असतो. जनरेटरच्या धुरातला विषारी वायू आत येऊ शकतो, म्हणून तो चालू ठेवूनही झोपायचं नाही.

शक्यतो बाहेरच्या टेबलावर स्वयंपाक करा. त्यासाठी लोक ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी पसरट शेगडी नेतात. ग्रँड कॅन्यनला सकाळी ती पेटत नाही आणि बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते, ब्यूटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणंच थांबतं. प्रोपेनची शेगडी घेतली तर हा प्रश्न येत नाही. दक्षिण काठ ७००० फुटांवर असल्यामुळे तिथे पाणी ९३ अंशांना उकळतं आणि उघड्या पातेल्यातली डाळ तासभर कडकच राहते. तीन लिटरचा शिट्टीचा कुकर गाडीच्या चुलीवर बरोबर मावतो. नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. भाजणी, मेतकूट आणि भाजलेले पोहे बरोबर असले की दोन जेवणं कमी पाण्यात उरकतात. तळण मात्र नको. तेलाचा वास गादीच्या फोममधून जात नाही आणि गाडी परत देताना सफाईचे पैसे कापले जातात.

प्रश्न : सासू-सासरे नाशिकहून जूनमध्ये येतात आणि मुलांची सुट्टीही तेव्हाच. जुलैत आर.व्ही.ने डेथ व्हॅली अगदीच अशक्य आहे का? (फीनिक्स, ॲरिझोना)

उत्तर : जुलैत डेथ व्हॅली नकोच. फर्नेस क्रीकचं जुलैतलं सरासरी कमाल तापमान ४७ अंश आहे आणि रात्रीही ते तिशीच्या खाली क्वचितच उतरतं. १० जुलै १९१३ रोजी तिथे नोंदवलेले ५६.७ अंश आजही जागतिक विक्रम म्हणून धरले जातात. आर.व्ही.चा एसी, इंजिन, टायर, फ्रिज या सगळ्यांची कुवत तिथे एकाच वेळी संपते. अनेक भाडेकरारांत उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत नेण्यास मनाई असते, म्हणजे बंद पडलात तर ओढून आणण्याचा खर्च तुमचा. गरम हवा विरळ असते, त्यामुळे अतिउष्ण दुपारी बचावाचं हेलिकॉप्टरही उडू शकत नाही. सत्तरीच्या माणसांना घेऊन हा जुगार खेळू नये. नाशिकचा मे सोसलेल्यांनाही हे ऊन वेगळं पडतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

जुलैत उंच जा. फ्लॅगस्टाफ ७००० फूट, ब्राइस ८००० च्या वर, सीडर ब्रेक्स १०,००० च्या वर. वाळवंटी खडकांचे तेच लाल रंग तिथे दिसतात आणि रात्री शाल लागते. फीनिक्सहून पहाटे चारला निघा, म्हणजे तापायच्या आत वर पोचाल.

जुलै ते सप्टेंबर तिकडचा पावसाळा असतो आणि त्याच्या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ हव्यात. पहिली पुराची. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस तिथे नव्हे, काही मैलांवर वरच्या अंगाला झाला होता. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका आणि वाहत्या पाण्यातून रस्ता ओलांडू नका, ते घोटाभर दिसलं तरी. दुसरी धुळीच्या वादळाची, विशेषतः फीनिक्स-टूसॉन रस्त्यावर. समोर धुळीची भिंत दिसली तर डांबरापासून जितकं लांब जाता येईल तितकं बाजूला घ्या, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि पाय ब्रेकवरून काढा. दिवे लावून ठेवावेत असं मनाला वाटतं, पण मागून येणारा तुमच्या लाल दिव्यांना रस्ता समजून सरळ येऊन आदळतो.

प्रश्न : उन्हात टायर फुटतात म्हणून हवा थोडी कमी ठेवावी का? घाटात गाडी तापली तर? (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

उत्तर : अगदी उलट. टायर फुटतो तो कमी हवेने. बाजू जास्त दुमडतात, त्या घर्षणाने आतून तापतात आणि पत्रे सुटावेत तसे थर सुटतात. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी भरा. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे २ टक्के वाढतो. दुपारी मोजून ‘जास्त झालाय’ म्हणून हवा सोडू नका. तो वाढणारच, हे धरूनच आकडा दिलेला असतो. मागे दोन-दोन टायर असतात आणि आतला डोळ्यांना दिसत नाही, तो हमखास राहून जातो.

ताबा घेताना टायरवरचा चार अंकी आकडा वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांहून जुना असेल, किंवा बाजूला बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही चांगली असो, बदलून मागा. वाळवंटाचं ऊन रबर आधी खातं, नक्षी नंतर.

वजनही बघा. दाराशी माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल याचं लेबल असतं. ४० गॅलन पाण्याचंच १५० किलो होतं. वीज-पाणी असलेल्या तळावरून तशाच तळावर जाताना टाकी पाव भरलेली पुरे.

चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला की एसी बंद, वेग कमी, गिअर खालचा. तरी चढत असेल तर हीटर पूर्ण लावा. तो इंजिनची उष्णता आत खेचतो. मुलं ओरडतील, खिडक्या उघडा. मग थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका, जरा वेळ चालू ठेवा म्हणजे पंखा आणि पंप काम करत राहतील. वाफ दिसत असेल किंवा काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर मात्र लगेच बंद. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कोणत्याही कारणाने उघडायचं नाही. डेथ व्हॅलीत स्टोव्हपाइप वेल्सहून टाउन पासपर्यंतचा चढ समुद्रसपाटीपासून ४९५६ फुटांवर नेतो, तो सकाळी आठच्या आत पार करा. पलीकडच्या उतारावर टो-हॉल बटण (गिअर खालचा ठेवून गाडी इंजिनने रोखणारं) दाबून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याला तळाशी पोचेपर्यंत जळका वास येतो, आणि तेव्हा ब्रेक अर्धे गेलेले असतात.

पेट्रोल पारम्प गावात भरून मगच डेथ व्हॅलीत शिरा. आत पंप आहेत, भाव बघून मात्र घशाला कोरड पडेल. टाकी पावपेक्षा खाली गेली की जनरेटर बंद पडतो. तो बिघाड नव्हे, तुम्हाला परत येता यावं म्हणून त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते.

प्रश्न : पेजमध्ये आमच्या फोनमधली वेळ सारखी बदलत होती आणि अँटेलोपची फेरी चुकली. असं का? (ह्यूस्टन, टेक्सस)

उत्तर : ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करतं आणि ॲरिझोनातली नावाहो हद्दही करते. पेज या तिघांच्या सीमेवर आहे, त्यामुळे ज्या मनोऱ्याचा सिग्नल मिळेल ती वेळ फोन दाखवतो. फोनमधली आपोआप वेळ बंद करून ‘फीनिक्स’ ठेवा. अँटेलोपच्या फेऱ्या नावाहो हद्दीत असल्या तरी पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. मॉन्युमेंट व्हॅलीत मात्र मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत एक तास पुढे.

प्रश्न : सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो का? (सॅन दिएगो, कॅलिफोर्निया)

उत्तर : येतो. बी.एल.एम. म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या बहुतेक मोकळ्या जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं. पण तिथे नळ, वीज, संडास काही नाही आणि पोचायचा रस्ता बहुधा कच्चा, म्हणजे भाड्याच्या गाडीला करारानेच बंद. पहिल्या सहलीत नको. फोनच्या नकाशाने दाखवलेली जवळची वाट तर कधीच नको. नकाशे आधी उतरवून ठेवा, कारण सिग्नल बराच वेळ नसतो.

प्रश्न : बाबांना इन्सुलिन लागतं आणि रात्री सीपॅप यंत्रही (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं). ग्रँड कॅन्यनला वीज नसलेली जागा मिळाली आहे. जमेल? (बीव्हर्टन, ऑरेगन)

उत्तर : माथर तळावर वीज नाहीच. शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. तिथे रद्द झालेली जागा मिळते का, ते रोज बघत राहा; ती मिळाली तर प्रश्नच मिटतो.

नाही मिळाली तर हिशेब असा. १०० अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ५०. एप्रिलमध्येही तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून हीटर लागणार. त्याचा गॅस वेगळा, पण पंखा बॅटरीवर चालतो आणि सात-आठ अँपिअर खातो. रात्रभरात तो चार तास फिरला तर ३० संपले. उरलेल्या वीसमध्ये दिवे, पाण्याचा पंप, गॅसचा भोंगा आणि सीपॅप. यंत्राचा दमट हवा करणारा भाग आणि तापणारी नळी बंद ठेवली आणि इन्व्हर्टरऐवजी कंपनीची १२ व्होल्टची वायर वापरली तर कसंबसं भागतं. गाडीला दोन बॅटऱ्या आहेत का किंवा लिथियम आहे का, हे आरक्षण करतानाच विचारा. स्वतंत्र बॅटरी पॅक सीपॅपपुरता बरोबर असला तर रात्री कुणाला जागावं लागणार नाही. जनरेटर तळाने ठरवून दिलेल्या तासांतच चालवता येतो. तो वेळ बॅटरी भरायला वापरा.

इन्सुलिनला उन्हाइतकाच फ्रिजचाही धोका आहे. गॅसच्या फ्रिजमध्ये मागच्या धातूच्या पात्यांजवळ ते गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकून द्यावं लागतं. मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला, डब्यात, शेजारी छोटा थर्मामीटर. वापरात असलेलं पेन बहुधा ३० अंशांच्या आत बाहेर चालतं. नेमकी मर्यादा त्याच्या पत्रकात असते. पायी फिरताना ते गाडीत ठेवू नका. पाण्यात भिजवून वापरायच्या कापडी पिशव्या मिळतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांचा फारसा उपयोग होत नाही, पण इथल्या कोरड्या हवेत त्या उत्तम गार राहतात. ट्रेलर व्हिलेजमध्ये जागा मिळालीच तर रात्री पाण्याची बाहेरची नळी काढून ठेवा, नाहीतर सकाळी ती गोठलेली मिळेल आणि बाबांच्या गोळ्यांपुरतंही पाणी नळाला येणार नाही.